गप्पशेठची काच

काचेच्या दुकानात शिरणारा माणूस आपोआप अंग चोरून चालतो. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, पोट आत, श्वाससुद्धा बेताचा. गप्पशेठ दुकानाबाहेरही तसाच चालायचा. रस्ता मोकळा असला तरी हा भिंतीच्या कडेने. समोरून कुणी आलं की आधी हाच बाजूला सरकायचा. धक्का लागला तर समोरच्याचे तुकडे होतील आणि ते आपल्यालाच वेचावे लागतील, अशी काहीतरी त्याची समजूत असावी.

नाव गल्लीने ठेवलेलं. बोलत नाही म्हणून गप्प, आणि दुकान स्वतःचं म्हणून शेठ. खरं सांगायचं तर त्याच्या घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती पुढे खुर्चीवर, हा मागे टेबलाशी. गिऱ्हाईकाशी हुज्जत घालणं, 'उद्या या' सांगणं, उद्या आलेल्याला परवावर ढकलणं, हे सगळं तिच्या जिभेवर चालायचं. हा जुनं ब्लँकेट अंथरलेल्या टेबलावर वाकून काच कापायचा. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टीला लावून एका दमात ओढायचं, काच टेबलाच्या कडेला सरकवायची आणि अंगठ्याने दाबायची. टक्. झाले दोन तुकडे. ओढताना हात मध्ये थांबला की काच वाकडी फुटते, म्हणून कापताना तो बोलायचा नाही. आणि दिवसभर कापतच असायचा. सवय हाडात मुरली.

मग बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खुर्ची रिकामी. मुलगी लग्न होऊन लांब. ती रविवारी फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"तब्येत बरी आहे ना?"

"हो."

"अहो, बोला ना काहीतरी!"

"बोलतोय की."

दुकानात आता गिऱ्हाईक थेट त्याच्यापुढे यायला लागलं, आणि गल्लीला कळून चुकलं की याला कुणीही काहीही बोलून जाऊ शकतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कपाटाच्या दाराचं माप स्वतःच चुकीचं दिलं, आणि काच आखूड भरली तेव्हा दुकानात येऊन याचीच बिनपाण्याने केली. "डोळे तपासून घ्या शेठ, पट्टी तरी बदला!" गप्पशेठ ऐकत राहिला. दिलेल्या मापाचा कागद खिशात होता, तो काढायचंही त्याच्या हातून झालं नाही. चोख उत्तर सुचलं ते घरी, दूध तापवताना. ते सुचल्याच्या आनंदात दूध उतू गेलं.

अशी दिवसभराची उत्तरं साठत चालली होती. ती ठेवायची कुठे, हाच प्रश्न होता.

त्याच सुमारास एक फिल्म विकणारा आला. काचेला आतून चिकटवायची चांदीच्या रंगाची पातळ फिल्म. भर दुपारी त्याने गप्पशेठच्या दर्शनी काचेवर वीतभर तुकडा लावून दाखवला. आतून रस्ता स्वच्छ दिसत होता. बाहेर जाऊन बघितलं तर नुसता आरसा. त्यात रस्ता, रस्त्यावरचा कुत्रा आणि गप्पशेठचं स्वतःचं तोंड.

"काळा चष्मा घातलेला माणूस कुणाकडे बघतोय ते कळतं का? तसंच आहे हे," फिल्मवाला म्हणाला. "आता तुमच्या दुकानाने चष्मा घातला समजा."

गप्पशेठला हे फार आवडलं. गिऱ्हाईक आत येण्याआधीच त्याला निरखायला मिळणार होतं, म्हणजे छातीतली धडधड आधीच उरकून घेता येणार होती. त्याने साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीने बुडबुडे काढून, सगळी दर्शनी काच मढवून टाकली. गल्लीतल्या लोकांनीही बघून मागणी केली. निवृत्त हेडमास्तरांच्या न्हाणीघराच्या खिडकीला त्याने ती लावली. समोर सलूनच्या वरच्या मजल्यावर टेलरबाईंचं दुकान होतं, तिथल्या कपडे घालून बघायच्या खोलीच्या खिडकीला लावली. दिवसा जाऊन लावली, दिवसा बाहेरून बघितली, आणि आरशासारखी चमकते म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा एक गंमत झाली. आतून रस्ता दिसेनासा झाला आणि काचेत त्याचं स्वतःचं दुकान उभं राहिलं. टेबल, स्टूल, खुंटीवरचा शर्ट, तो स्वतः. गप्पशेठने विचार केला. बाहेरून आरसा आहेच; अंधार पडल्यावर आतूनही आरसा झाला. म्हणजे दोन्हीकडून आरसा! दिवा लागला की जगाला आपण नाही आणि आपल्याला जग नाही.

उभा जन्म काचेत घालवलेल्या माणसाने ही गोष्ट बरोबर उलटी समजून घेतली. जिकडे उजेड जास्त तिकडचं दिसतं, एवढंच त्या फिल्मचं गणित. दिवसा उजेड रस्त्यावर, रात्री उजेड दुकानात. एकदा बाहेर जाऊन बघायचं, बस्स. पण दुकान बंद करायची त्याची रीत ठरलेली होती. बटण मागच्या भिंतीला. आधी दिवा मालवायचा, मग काळोखात सवयीने टेबलं चुकवत पुढे यायचं, बाहेर पडायचं, शटर ओढायचं. दिवा पेटलेलं स्वतःचं दुकान त्याने बाहेरून पाहिलंच नव्हतं.

आणि दिवा पेटलेला असताना तो काय करायचा? तर साठलेली उत्तरं द्यायचा.

सुरुवात औषधवाल्यापासून झाली. गप्पशेठने एका संध्याकाळी शर्टाच्या आत पोतं कोंबलं, पोट पुढे काढलं आणि दारापासून टेबलापर्यंत औषधवाल्यासारखा झुलत आला. "डोळे तपासून घ्या शेठ!" मग टणकन उडी मारून टेबलामागे गेला, पोतं काढलं आणि स्वतः झाला. "डोळे माझे शाबूत आहेत. तुमचं पोट पट्टीच्या आड आलं असेल, माप घेताना!" काचेतला औषधवाला निरुत्तर झाला. गप्पशेठ खुर्चीत बसून इतका हसला की ठसका लागला.

मग रोजचंच झालं. दुपारी जो जो घालूनपाडून बोलला, तो संध्याकाळी हजर. हेडमास्तर यायचे, बोटाने चष्मा वर ढकलत, मान डोलवत म्हणायचे, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे." सलूनवाला खांद्यावरचा टॉवेल फटकन झटकत यायचा. दुकान माणसांनी भरून जायचं आणि सगळी माणसं तोच. घरी जायची घाई राहिली नाही. घरी तर एकच गप्पशेठ होता, आणि त्याचा त्याला कंटाळा आला होता.

शेवटी शेवटी टेलरबाई यायला लागल्या. त्या त्याला कधी वाईट शब्द बोलल्या नव्हत्या. खरं म्हणजे बोलणंच फारसं झालेलं नव्हतं. एकट्या राहणारी, कमी बोलणारी बाई. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं मानेनेच. एकट्या का राहतात, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. गप्पशेठ गळ्यात मापाची पट्टी अडकवायचा, ओठांत काचेच्या चौकटीचे बारीक खिळे धरायचा आणि टेलरबाई होऊन स्टूल पुढे सरकवायचा. बसा. मग पलीकडे जाऊन स्वतः व्हायचा, स्टूलाकडे बघायचा आणि म्हणायचा, "नको, काम आहे." आणि निघून जायचा. खेळ त्याचा, बोलणं त्याचं, पण तिथेही त्याची बसायची हिंमत झाली नाही.

दिवस लहान होत गेले. दिवा लवकर लागायला लागला.

एका संध्याकाळी एक टेम्पोवाला मोठा आरसा न्यायला आला. एकट्याला उचलेना, म्हणून गप्पशेठने दुसरी बाजू धरली. दोघांनी जपून जपून आरसा बाहेर काढला, टेम्पोत उभा केला, दोरी बांधली. गाठ मारताना गप्पशेठची नजर आरशात गेली. त्यात एक दुकान दिसत होतं. लखलखीत. आतलं स्टूल, टेबल, खुंटीवरचा शर्ट, शर्टाच्या खिशातला कंगवासुद्धा. एवढ्या संध्याकाळी हे कुणाचं दुकान असं उघड्यावर मांडलंय, म्हणून तो वळला.

माशांच्या पेटीत दिवा लावावा तसं त्याचं दुकान झगमगत होतं.

टेम्पो निघून गेला. गप्पशेठ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मग हळूहळू त्याने मान वळवून समोर बघितलं. सलूनबाहेरचं बाकडं. ते पूर्वी सलूनच्या दाराकडे तोंड करून असायचं, म्हणजे नंबर लागलेल्याला आतलं दिसावं. आता ते रस्त्याकडे तोंड करून होतं, बरोबर त्याच्या दुकानासमोर. बाकड्यावर औषधवाला होता, सलूनवाला होता, आणि मध्ये अर्ध्या गालाला साबण लावलेला एक अनोळखी माणूस. सलूनवाल्याला एकाएकी वस्तऱ्याची धार बघायची आठवण झाली. औषधवाला आभाळ बघायला लागला.

साबणवाल्याला बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती. तो म्हणाला, "का हो, आज सुरू नाही का होणार?"

सलूनवाल्याने त्याला कोपरखळी मारली, पण बाण सुटला होता.

"काय सुरू?" गप्पशेठने विचारलं.

औषधवाल्याने हनुवटीनेच झगमगत्या दुकानाकडे खूण केली.

"किती दिवस?"

"म्हणजे कसंय शेठ," सलूनवाला उठून उभा राहिला, "दिवस लहान झाल्यापासून जरा जास्त. पण आवाज येत नाही हां! तुमची काच बंद असते. आईशप्पथ, एक शब्द ऐकू येत नाही."

"शब्द हाच घालतो," औषधवाला म्हणाला.

"मी आपला अंदाजाने घालतो. वाईट काही घालत नाही. गिऱ्हाईक बसून राहतं हो तेवढं."

औषधवाल्याचं तोंड मात्र उतरलेलं होतं. तो खाली स्वतःकडे बघत म्हणाला, "शेठ, एक सांगा. मी खरंच एवढा चालतो का पोट काढून? बायको म्हणते, त्याहून जास्त."

गप्पशेठ एक पाऊल मागे सरकला. त्याने मान वर केली. सलूनच्या वर टेलरबाईंच्या दुकानात दिवा होता. बाई मशीनवर वाकलेल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. त्या खिडकीतून खाली बघितलं तर दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त त्याचं दुकान.

त्या संध्याकाळी त्याने आधी शटर ओढलं, आणि आत दिवा तसाच राहून गेला. फटीतून उजेडाची रेघ रस्त्यावर पडलेली रात्रभर.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गप्पशेठ घरी पलंगावर बसून भिंतीकडे बघत होता, आणि एकेक संध्याकाळ आठवून त्याला नव्याने घाम फुटत होता. पोतं कोंबलेलं. टॉवेल झटकलेला. स्टूल पुढे सरकवलेलं. स्वतःहून त्याने मुलीला कधी फोन केला नव्हता, तो केला.

"बाबा? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. येऊ का तिकडे?"

"राहायला?"

"हो."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग मुलगी म्हणाली, "या ना. केव्हाही या. पण दुकान?"

"देऊन टाकतो कुणाला तरी."

"बाबा, आईची खुर्ची आहे हो तिथे."

"माहीत आहे."

ठरलं. गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. किल्ली कुणाच्या तरी हाती पाठवायची. त्याने कपाटावरची बॅग काढली, धूळ झटकली, आत दोन सदरे घातले आणि तिसरा हातात धरून तो जागच्या जागी थांबला.

टेलरबाईंची ती खोली. तिची खिडकी मागच्या बाजूला उघडते. मागे आजवर पडीक जागा होती, कुणी फिरकत नसे. पण तिथे नवी इमारत उभी राहिली होती, तिच्या खिडक्यांच्या काचा यानेच बसवल्या होत्या. भर उन्हात तिथे उभं राहून, पुट्टी थापताना, समोरची आपलीच चांदीची खिडकी बघून तो खूश झाला होता. आणि मालक बोलता बोलता म्हणाला होता, भाडेकरू ठरलेत, सामान येईलच आता.

संध्याकाळी बायका-पोरी तिथे दिवा लावून कपडे बदलणार. आणि समोर आठ खिडक्या.

हे सांगायला गेलं पाहिजे. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की संध्याकाळी आतलं दिसतं. हे तुम्हाला कधी कळलं, असं त्यांनी विचारलं, तर माझं दिसत होतं तेव्हा. आणि बाई त्याच्याकडे बघणार. तो बराच वेळ सदरा घडी करत राहिला, उलगडत राहिला. मग सदरा टाकला, खरवडायची पाती आणि साबणाच्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि निघाला.

निघाला, पण गेला आधी हेडमास्तरांकडे. अवघड घर नंतर. माणसाचे पाय असे बेरकी असतात.

हेडमास्तरांनी दार उघडलं. "काय रे, दुकान बंद का तुझं?"

"सर, ती न्हाणीघराची काच."

"तिचं काय?"

"संध्याकाळी दिवा लावला की दिसतं."

"काय दिसतं?"

"आतलं."

"आतलं म्हणजे?"

"सगळं."

हेडमास्तर संध्याकाळीच अंघोळ करायचे. सावकाश, गाणं म्हणत, हे सगळ्या आळीला कानाने माहीत होतं. ते आता दाराची चौकट धरून उभे राहिले.

"कुणाला?"

"पलीकडच्या गच्चीवरून."

"औषधवाल्याच्या?"

"हो."

"तरीच," हेडमास्तर हळूच म्हणाले. "तरीच त्याची बायको मला बघून रस्ता ओलांडते. मला वाटायचं, आदराने."

मग त्यांचा पारा चढला. "मूर्खा, लावण्याआधी बघायचं नाही? हा तत्त्वाचा..." बोट चष्म्याकडे गेलं आणि अर्ध्यावरच थांबलं. ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. "तू मला असं करतोस म्हणे."

गप्पशेठने मान खाली घातली.

"करून दाखव."

"सर, चुकलं माझं."

"दाखव म्हणतो ना!"

गप्पशेठने पिशवी खाली ठेवली. बोटाने नसलेला चष्मा वर ढकलला, मान डोलावली, ओठ पुढे काढले. हेडमास्तरांनी परीक्षा घेतल्यासारखं बघितलं.

"मान जास्त हलवतोस," ते म्हणाले. "जा. आत्ताच्या आत्ता खरवड ती."

बादलीवर पाय देऊन गप्पशेठने ती फिल्म खरवडली. पत्र्यावरून पावसाळी शेवाळ निघावं तशी ती गुंडाळत निघत होती. बाहेर हेडमास्तर येरझाऱ्या घालत होते आणि अधूनमधून नुसतं म्हणत होते, "आदराने! वा रे!"

टेलरबाईंचा जिना लाकडी, अरुंद आणि काळोखी. गप्पशेठ वर पोचला तेव्हा त्याने पाठ केलेलं पहिलं वाक्य खालीच राहिलं होतं. बाई जमिनीवर बसून एका लांब झग्याला खालून दुमड घालत होत्या. ओठांत टाचण्या. त्यांनी मानेनेच विचारलं, काय?

"खिडकी," गप्पशेठ म्हणाला. "ती, आतली. माझी चूक झाली. अंधारात दिवा लावला की बाहेरून दिसतं. मागे माणसं राहायला येतायत. मी काढतो ती. दुधी काच बसवून देतो. लगेच देतो."

त्याच्या बायकोच्या माघारी एवढं सलग तो कुणाशी बोलला नव्हता. काचेतली माणसं सोडून.

बाई उठल्या. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बोट दाखवलं. खिडकीवर पडदा होता. जाड, दुहेरी कापडाचा, कडा नीट शिवलेल्या, खाली वजनाला पट्टी घातलेली. घाईत टांगलेला नव्हता. केव्हाचा होता.

"हा कधी लावलात?"

बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. त्यांना बोलायचं असलं की आधी हे काम असायचं.

"तुम्ही औषधवाल्याचं पोट काढलंत ना, त्याच संध्याकाळी. तुमचं दुकान दिसतंय म्हटल्यावर माझी खोलीही दिसणार. त्यात काय कळायचं?"

गप्पशेठने पडद्याची कड बोटांनी चाचपली. इतके दिवस पडदा होता. म्हणजे सांगायला येण्याचीही गरज नव्हती.

"मग मला सांगितलं का नाही?"

"जिना उतरले होते दोनदा." बाई झग्याची दुमड बोटांनी चेपत म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही दिवा मालवून बसला असता."

खाली सलूनमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं. 

"दुकान देऊन टाकताय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सलूनवाला. तुमच्या वतीने तोच बोलतो ना सगळं."

यावर हसावं की काय, गप्पशेठला कळेना. त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "ते मी तुमचं... म्हणजे, तुमची नक्कल... तसं काही मनात..."

"खिळे तोंडात धरत जाऊ नका," बाई म्हणाल्या. "गिळाल एखादा."

"नाही धरणार."

"आणि एक सांगा. तुमच्या त्या खेळात मी रोज स्टूल पुढे करते, आणि तुम्ही रोज निघून जाता. का?"

गप्पशेठने आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात खरंच एक स्टूल होतं, त्यावर कापडाचे तुकडे रचलेले. बाईंनी ते पुढे केलं नाही. तुकडेही उचलले नाहीत. त्या फक्त वाट बघत होत्या, आणि उत्तर त्याला नेहमीप्रमाणे सुचत नव्हतं. ते घरी गेल्यावर सुचलं असतं, दूध तापवताना.

"काम असतं," तो म्हणाला.

बाईंनी एक टाचणी उचलून ओठांत धरली. मग दुसरी. बोलणं संपलं होतं. गप्पशेठ जिना उतरला.

खाली आल्यावर मात्र तो घरी गेला नाही. दुकान उघडलं. आतला दिवा जळून गेला होता, तो बदलला. मग दर्शनी काचेवर साबणाचं पाणी मारून त्याने चांदीची फिल्म वरून खालपर्यंत सोलून काढली. सलूनवाला, औषधवाला, येणारे-जाणारे बघत होते, आणि आपल्याकडे बघतायत हे त्यालाही दिसत होतं. काच नुसती काच राहिली.

सलूनवाला रस्ता ओलांडून आला. "शेठ, काढायची काय गरज होती? आम्ही बाकडं फिरवलं असतं की."

गप्पशेठने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टॉवेल तू उजव्या खांद्यावर टाकतोस की डाव्या?"

"उजव्या. का?"

"मी डाव्या टाकायचो. आरशात बघून शिकलो ना."

सलूनवाला हसला, पण नंतर बराच वेळ खांदा चाचपत राहिला.

त्यानंतर बाकडं पुन्हा सलूनकडे तोंड करून बसलं. संध्याकाळी गप्पशेठला आता बाकड्यावरच्या माणसांच्या पाठी दिसायच्या. त्याने दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. दुपारी एक बाई काच परत करून वाट्टेल ते बोलून गेली होती. संध्याकाळी त्याने तिच्यासारखा पदर खोचल्याचं करून हात कमरेवर ठेवला आणि तोंड उघडलं. काचेत अर्धा तो आणि अर्धा रस्ता, एकात एक मिसळलेले. काचेतल्या त्या बाईच्या अंगातून सायकली जाताना दिसत होत्या. हात आपोआप खाली आला. मग तो दिवा लावायच्या आधीच दुकान बंद करून घरी जायला लागला. घरी दूध तापवायचं, गॅसपाशी उभं राहायचं. दूध उतू जायचं बंद झालं, कारण सुचायचंच काही नाही.

मुलगी विचारायची, "कधी येताय बाबा?" तो म्हणायचा, "बघतो."

एकदा दुपारी टेलरबाई दुकानात आल्या. गळ्यातली टेप तशीच, ओठ मोकळे. एका पायाने किंचित लंगडत होत्या.

"तुम्ही हल्ली लवकर बंद करता," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या जिन्यात दिवा नाही. घरमालक लावत नाही. मी रोज तुमच्याच दिव्याच्या उजेडात उतरायचे. परवा पायरी चुकली."

गप्पशेठने त्यांच्या पायाकडे बघितलं. "लागलं?"

"मुरगळलाय." एवढं बोलून त्या वळल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मी उतरेपर्यंत ठेवत जा. नंतर मालवा हवा तर."

त्या रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, तिकीट काढू का?"

"नको. इथे काम आहे जरा."

"कसलं काम?"

"दिवा लावायचं."

"म्हणजे?"

त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. जिना कसा आहे, उजेड कुठून कुठे पडतो, कोणत्या पायरीपर्यंत पोचतो. सांगता सांगता तो बराच बोलला. मुलगी मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी फक्त म्हणाली, "बरं. ठेवा लावून."

दुकान चालू आहे. फिल्मचं काम कुणी मागितलं तर गप्पशेठ आता संध्याकाळचाच जातो. फिल्म लावून झाली की घरच्यांना आत उभं करतो, दिवा लावायला सांगतो आणि स्वतः बाहेर अंधारात जाऊन बघतो. दिसलं तर तिथल्या तिथे खरवडून टाकतो. लोक वैतागतात, तो ऐकून घेतो.

संध्याकाळी दिवा लावून तो टेबलाशी बसतो. करत काही नाही. कटर पुसतो, काचेच्या कडा घासतो. जो जाईल त्याला दिसतो. फारसं कुणी बघत नाही. समोरच्या जिन्यात पावलं वाजतात, बाई शेवटची पायरी उतरतात, कडी लावतात आणि डावीकडे निघून जातात. इकडे बघतात कधी, कधी नाही.

मग तो उठतो. पण दिवा लगेच मालवत नाही. आधी बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे, बाकड्यापाशी उभा राहतो आणि दुकान बघून घेतो. उजेडात टेबल असतं, बायकोची खुर्ची असते, स्टूल असतं, खुंटीवर शर्ट असतो. आत माणूस नसतो. थोडा वेळ बघून तो रस्ता ओलांडतो, आत जातो आणि बटण दाबतो.